दहापैकी तीनच शब्द आठवले, म्हणून आईला स्मृतिभ्रंश झाला का?

प्रश्न : माझी आई ७१ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यात आमच्या गावी भाऊ-वहिनीकडे असते. तिसरीपर्यंत शिकलेली. मार्गशीर्षात घरी आरोग्याच्या एका मोठ्या सर्वेक्षणाची माणसं आली होती. रक्तदाब, वजन झालं, मग एका मुलीने टॅबमध्ये बघून आईला दहा शब्द ऐकवले आणि परत सांगायला लावले. आईला तीन आठवले. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तेव्हा एकच. शंभरातून सात वजा करत जा म्हटल्यावर ती त्र्याण्णवला थांबली. तारीख विचारली तर म्हणाली, "मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार." ओट्यावर शेजारच्या बायका जमल्या होत्या. भाचा "आजी, झाड, झाड" म्हणून सांगत होता, तर त्या मुलीने त्याला गप्प बसवलं. शेवटी बरोबर किती, चूक किती, काही सांगितलं नाही. त्या दिवसापासून आई बचत गटाच्या बैठकीला जात नाही, "माझं डोकं चाललंय" म्हणते. वहिनी म्हणते, दोनदा दूधही करपलं. मी नेटवर वाचून हादरून गेले आहे. आईला स्मृतिभ्रंश झालाय का? तिसरी शिकलेल्या बाईला असले प्रश्न विचारणं बरोबर आहे का? ती माणसं पुढे पुन्हा येणार आहेत म्हणे. तेव्हा मी नाही म्हणून सांगू का?

ता. क. : एरवी आई ठणठणीत आहे. डेअरीच्या दुधाचा हिशेब अजून तोंडी करते. टीव्ही मात्र एवढ्या मोठ्याने लावते, की फोन केला की आधी मालिकाच ऐकू येते.

— एक मुलगी, पुणे

उत्तर : ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमची झोप त्यावर अडली आहे. त्या थोड्या वेळाच्या प्रश्नोत्तरांवरून तुमच्या आईंना स्मृतिभ्रंश आहे असं म्हणता येत नाही. तो नाही, असंही त्यावरून म्हणता येत नाही. एका माणसाचं निदान करणं हे त्या चाचणीचं कामच नाही. निकालाचा कागद हातात दिला नाही तो याच कारणाने. रक्तदाबाचा आकडा एकट्या माणसालाही उपयोगी असतो, म्हणून तो सांगतात. दहापैकी तीन हा आकडा एकट्या माणसाला काहीच सांगत नाही, उलट घाबरवतो.

तुमच्याकडे कुठलं सर्वेक्षण आलं होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण पद्धत ओळखीची आहे. आपल्याकडचं यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे 'लासी', भारतातल्या वार्धक्याचा दीर्घकालीन अभ्यास. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने हार्वर्ड आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या साथीने तो उभा केला. २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरची माणसं आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोकांना घरी जाऊन प्रश्न विचारले गेले. दहा शब्द त्यातही आहेत. वार-तारीख-महिना-वर्ष, उलटे आकडे, शंभरातून सात, कागदाची घडी घालणं, आकृती बघून काढणं, समोरच्या वस्तूचं नाव सांगणं हेही आहे. मूळ धाटणी अमेरिकेतली. तिथे मिशिगन विद्यापीठ १९९२ पासून असा अभ्यास चालवतं, इंग्लंडने २००२ मध्ये आपला सुरू केला. सगळीकडे प्रश्न शक्यतो सारखे ठेवतात, म्हणजे देशादेशांची तुलना करता येते.

हजारो लोकांचे असे आकडे एकत्र केले की त्यातून खरं काहीतरी दिसतं. ज्यांना शाळा मिळाली नाही त्यांचं पुढे काय होतं, रक्तदाब वर्षानुवर्षं वाढलेला राहिला तर विचार करण्याच्या वेगावर काय परिणाम होतो, विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायका कुठे मागे पडतात. एकेकाच्या उत्तरात त्या दिवसाची झोप, भीती, आजूबाजूचा गोंगाट असं बरंच काही मिसळलेलं असतं. मोठ्या संख्येत अशा विखुरलेल्या चुका बऱ्याचशा एकमेकींत जिरून जातात. तालुक्याच्या पर्जन्यमापकावरून मंडळात किती पाऊस झाला ते कळतं, तुमच्या वावरात ओल किती खोल गेली ते कळत नाही. तसंच आहे हे.

आता त्या दहा शब्दांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आईंना सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट तीच आहे. शब्द ठरावीक गतीने, साधारण दोन सेकंदांना एक, असे वाचतात. इंग्लंडच्या अभ्यासात तर संगणकातल्या ध्वनिमुद्रणातून ऐकवतात, म्हणजे वाचणाऱ्याच्या आवाजाचा फरक पडू नये. शब्द एकमेकांशी संबंध नसलेले निवडतात. मीठ-मिरची-हळद असे दिले तर आपण गाठ मारून लक्षात ठेवू. यादी मुद्दाम इतकी लांब ठेवतात, की पहिल्याच खेपेला सगळे शब्द सांगणारा क्वचित सापडावा. पाच शब्द दिले असते तर बहुतेकांना पाचही आले असते आणि मोजण्यासारखं काही उरलं नसतं. म्हणजे शब्द राहून जाणं हे त्या चाचणीत गृहीतच आहे. आईंना मात्र ते कुणी सांगितलं नाही, आणि दहापैकी तीन म्हटल्यावर माणूस शाळेतल्या गुणांसारखंच बघणार.

मग मधे दुसरे प्रश्न विचारून थोड्या वेळाने तीच यादी पुन्हा का विचारतात? ताबडतोब सांगण्यात लक्ष किती लागलं याचाही भाग असतो. थोड्या वेळाने सांगण्यात, ऐकलेलं आत किती मुरलं हे दिसतं. अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात, सुरुवातीला हे मुरणंच बिघडतं, म्हणून संशोधक दुसऱ्या आकड्याला जास्त महत्त्व देतात. पण त्यासाठी पहिल्यांदा शब्द नीट कानांवर पडायला हवेत. तीन पोचले आणि त्यातला एक उरला, ही गोष्ट वेगळी. दहा पोचले आणि एक उरला, ही वेगळी. पहिल्या प्रकारात अडचण कानांची, गर्दीची किंवा घाबरण्याचीही असू शकते.

भाच्याला गप्प बसवलं त्याचा राग धरू नका. 'झाड' हा शब्द नातवाने सांगितला असता तर तो आईंच्या नावावर लागला असता आणि नोंद खोटी ठरली असती. बरोबर-चूक न सांगण्याचं कारणही तेच. कुणाला "शाब्बास" मिळालं आणि कुणाला नाही, तर पुढची उत्तरं बदलतात. मात्र शेजारणींना ओट्यावरून उठवायला हवं होतं, हे माझं स्पष्ट मत आहे. ही चाचणी शक्यतो एकांतात घ्यायची असते. चार बायकांसमोर आठवत नाही म्हणावं लागणं हा म्हाताऱ्या माणसाचा अपमान आहे, आणि लाजलेल्या माणसाला जे येतं तेही आठवत नाही. आईंची तक्रार याबाबतीत शंभर टक्के खरी आहे.

तिसरी शिकलेल्या बाईला असं विचारणं बरोबर आहे का, हा तुमचा प्रश्न संशोधकांनाही बरीच वर्षं छळतो आहे. या कामात जगभर सर्वांत जास्त वापरली गेलेली ३० गुणांची चाचणी अमेरिकेत १९७५ साली तयार झाली. तिच्यात एक वाक्य लिहा, कागदावरची सूचना वाचून तसं करा, असे प्रश्न होते. आपल्या लासीत साठीवरच्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक कधी शाळेतच गेलेली नाहीत. त्यांना ही चाचणी जशीच्या तशी दिली तर आजार मोजला जाणार नाही, निरक्षरता मोजली जाईल.

हरियाणातल्या बल्लभगड भागात या प्रश्नावर फार मन लावून काम झालं. तिथल्या खेड्यांतल्या, बहुतांशी निरक्षर म्हाताऱ्यांसाठी त्या ३० गुणांच्या चाचणीचं हिंदी रूप घडवलं गेलं. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झालं. नुसता अनुवाद करून ते थांबले नाहीत. 'डोळे मिटा' हे वाचून करण्याऐवजी समोरचा करतो तसं करून दाखवायचं. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगायचं. शंभरातून सात हा हिशेब काढून त्याजागी वीसमधून तीन-तीन वजा करणं किंवा आठवड्याचे वार उलटे सांगणं आलं. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण त्यांनी म्हातारीला कमी लेखलं नाही, प्रश्नालाच दुरुस्त केलं.

आईंचं त्र्याण्णवला थांबणं याच उजेडात बघा. शंभर वजा सात, त्यातून पुन्हा सात, हा पाटीवरचा सराव आहे. ज्यांनी तो लहानपणी घोकला त्यांना तो सत्तरीतही जमतो. आई डेअरीचा हिशेब करतात तेव्हा किती लिटर, फॅट किती, दर काय, उचल किती घेतली हे सगळं डोक्यात धरून त्यातून पैसे काढतात. माझ्या मते ते शंभरातून सातपेक्षा अवघड काम आहे. पण टॅबमध्ये त्याला रकाना नाही.

'मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार' या उत्तराचंही तसंच. वार बरोबर, महिना बरोबर, आणि महिन्यातली जागाही बरोबर. उपवास धरणाऱ्या, घट मांडणाऱ्या बाईची ती तारीखच आहे. काळाचं भान सुटलेल्या माणसाला असं उत्तर देता येत नाही. इंग्रजी महिन्याची तारीख हवी असेल तर ती तशी विचारावी, आणि तिथी-वाराचं उत्तर धरायचं की नाही याची सूचना विचारणाऱ्याला आधीच दिलेली असावी.

प्रश्न कसे विचारतो यावर आकडा किती हलतो, याचंही उदाहरण देते. बल्लभगडच्याच अभ्यासात ६५ वर्षांवरच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण १.३६ टक्के निघालं, १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नंतर '१०/६६' नावाच्या गटाने चेन्नईत आणि वेल्लोरच्या खेड्यांत तपासलं. स्मृतिभ्रंशाचे सुमारे ६६ टक्के रुग्ण तेव्हा विकसनशील देशांत होते, आणि त्यांच्यावरचं संशोधन मात्र १० टक्क्यांहून कमी होतं, म्हणून त्या गटाचं हे नाव. तिथे पाश्चात्त्य निकष लावले तर प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आलं, आणि गटाने स्वतः तयार केलेली पद्धत लावली तर त्याच लोकांत ते कितीतरी पटींनी वाढलं. याचं एक कारण आपल्या घरांत आहे. पाश्चात्त्य निकषात रोजच्या कामात अडचण येते का, हे बघतात. आपल्याकडे सून स्वयंपाक करते, मुलगा बँकेत जातो, आजीने नुसतं बसावं अशीच सगळ्यांची इच्छा असते. मग आजीला काही जमेनासं झालंय हे कळणार कसं? घरचे म्हणतात, "वय झालं आता."

म्हणूनच लासीच्या पाठोपाठ दिल्लीच्या एम्ससोबत आणखी खोलात जाणारा एक अभ्यास झाला. त्यात साठीवरच्या ४,०९६ जणांची तपासणी झाली. लांबलचक चाचण्या घेतल्या, घरच्या एका माणसाशी वेगळं बोलणं झालं, आणि मग त्यांतल्या बऱ्याच जणांची सगळी माहिती डॉक्टरांनी समोर ठेवून निदान ठरवलं. त्यातून अंदाज आला तो साठीवरच्या १०० पैकी सात-साडेसात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा, देशभरात सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये आणि खेड्यांत जास्त. हा आकडा लहान नाही, आणि तो दडवून तुमची समजूत काढायची माझी इच्छा नाही. पण एवढी सगळी माहिती बघितल्याशिवाय तिथेही कुणाला स्मृतिभ्रंश आहे असं म्हटलं गेलं नाही, हे लक्षात घ्या.

घरच्या माणसाला विचारायची एक प्रश्नावली १९८९ पासून वापरात आहे, ऑस्ट्रेलियात तयार झालेली. तिची युक्ती तुम्हाला उपयोगी पडेल. ती 'आठवतं का' असं विचारत नाही. दहा वर्षांपूर्वी हा माणूस जसा होता, त्याच्याशी तुलना करायला सांगते. सुधारलंय, तेवढंच आहे की बिघडलंय? निरक्षर असो की प्राध्यापक, प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःशीच होते.

तुम्ही आणि वहिनी दोघी मिळून असाच विचार करा, आईंसमोर नव्हे. साठीच्या आसपास आई कशा होत्या ते आठवा. गेल्या आठवड्यात कोण येऊन गेलं, काय ठरलं हे त्यांना पूर्वीइतकंच सांगता येतं का? तोच प्रश्न त्याच संध्याकाळी पुन्हा विचारतात का, आणि आधी विचारल्याचं त्यांच्या गावीही नसतं का? ओळखीच्या वाटेवर, शेतातून येताना किंवा बाजारात कधी गोंधळल्या का? डेअरीच्या हिशेबात हल्ली चुका निघतात का? स्वभाव बदललाय का, उगाच कुणावर चोरीचा संशय घेतात का? दूध करपणं मी मोजायला घेणार नाही. हातातलं काम आणि दारात आलेला माणूस यात कुणाचंही दूध करपतं. ते करपल्यावर "मी गॅस लावलाच नव्हता" असं त्या ठामपणे म्हणाल्या असतील, तर मात्र लिहून ठेवा.

आता तुमचा ताजा कलम. टीव्ही एवढा मोठा लागतो याचा अर्थ आईंना बहुधा कमी ऐकू येतं. पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मला तेच वाटलं. ज्या बाईला समोरची मालिका ऐकू येत नाही, तिला गलका असलेल्या ओट्यावर, अनोळखी मुलीच्या तोंडून, दोन सेकंदांना एक या गतीने सुटे शब्द ऐकवले. आपण बोलताना अर्धं वाक्य संदर्भाने जुळवतो. सुट्या शब्दाला संदर्भच नसतो, चुकला तर गेला. म्हणून कुठल्याही मेंदूच्या डॉक्टरांआधी कान दाखवा. मिरज-सांगलीला कान-नाक-घशाचे डॉक्टर भरपूर आहेत, ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, तिथे सहज होईल. कधीकधी नुसता मळ निघतो आणि निम्मं काम होतं. यंत्र लावायला सांगितलं तर टाळू नका. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण हाताळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी दूर करता आली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज आहे. त्या १४ मध्ये ऐकू कमी येणं आहे, दिसायला कमी होणं आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, माणसांत मिसळणं बंद होणंही आहे.

शेवटच्या कारणामुळे मला बचत गटाची काळजी जास्त वाटते. एका चाचणीच्या धसक्याने आईंनी माणसांत जाणं सोडलं, तर चाचणीने न झालेलं नुकसान घरात बसून होईल. वहिनींना सांगा, "डोकं चाललं" हे शब्द घरात नकोत, लाडानेही नकोत. आईंना तुम्ही स्वतः गावी जाऊन सांगा, फोनवर नको, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. सांगा की त्या यादीतले सगळे शब्द सहसा कुणालाच येत नाहीत, गुरुवारचं उत्तर बरोबर होतं, आणि कान तपासायला आपण दोघी जाणार आहोत.

कानांसोबत नेहमीच्या डॉक्टरांकडेही एकदा जाऊन या. बी-१२ आणि थायरॉइड बघायला सांगा, विशेषतः आई शाकाहारी असतील तर बी-१२ नक्की. डोळ्यांत मोतीबिंदू आहे का तेही बघू दे. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या. झोपेच्या आणि सर्दी-खाजेच्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचं लक्ष बधिर होतं. मनाची उदासी असेल तर तीही विसरण्यासारखीच दिसते. आणि वर लिहिलेल्यातले दोन-तीन बदल तुम्हा दोघींना खरोखर दिसले, तर वाट न बघता मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञांची वेळ घ्या. तिथे पूर्ण तपासणी होईल, आणि तिचा निकाल तुमच्या आईंचा असेल.

पुन्हा सर्वेक्षणाची माणसं आली तर? नाही म्हणायचा हक्क आहेच. एखादाच प्रश्न नको असेल तर तो सोडायचाही हक्क आहे. पण तो हक्क आईंचा आहे, तुमचा नाही. पुण्यात बसून तुम्ही त्यांच्या वतीने दार लावू नये असं मला मनापासून वाटतं. अशा अभ्यासांना एक मोठा तोटा कायम सोसावा लागतो. ज्यांची स्मृती खालावते तीच माणसं पुढच्या फेरीत आधी गळतात, कधी आजाराने, कधी घरच्यांच्या संकोचाने. उरतात ती धडधाकट, आणि देशाचा आकडा आहे त्यापेक्षा बरा दिसायला लागतो. ज्यांना शाळा मिळाली नाही अशा खेड्यातल्या म्हाताऱ्या बायका यादीतून निघून गेल्या, तर पुढची धोरणं शहरातल्या शिकलेल्या माणसांकडे बघून ठरतील. आईंची दुसऱ्या फेरीतली उत्तरं पहिल्या फेरीपेक्षाही मोलाची असतील, कारण तेव्हा त्यांची तुलना त्यांच्याच जुन्या उत्तरांशी होईल. दुसऱ्यांदा सरावामुळे थोडे जास्त शब्द येतात, संशोधक त्याचाही हिशेब धरतात.

आई हो म्हणाल्या तर त्यांना आतल्या खोलीत बसवा. चष्मा आणि मिळालं असेल तर कानांचं यंत्र लावून, टीव्ही बंद करून. भाच्याला वहिनी बाहेर खेळायला नेतील. सुरुवात करण्याआधी त्या मुलीला सांगा, "आईला ऐकायला कमी येतं, समोर बसून बोला," आणि तशी नोंद करायलाही सांगा. घरच्या माणसाला काही विचारायचं असेल तर वहिनींनी उत्तर द्यावं, कारण रोज सोबत त्या असतात.